पहिल्या घरातला ओरखडा

सवतीमत्सर म्हणतात तो ठकीला झाला, आणि तोही स्वतःच्या नवऱ्याचा. मध्ये दुसरी बाई कुणी नव्हती. मध्ये होते तिचे वडील, अण्णा, आणि प्लास्टिकच्या वस्तू काढायचं हाताने चालवायचं एक मशीन.

ठकी हे तिचं खरं नाव नव्हे. लहानपणी ती बाहुलीसारखी दाराच्या चौकटीला टेकून तासन्‌तास उभी राहायची, म्हणून अण्णांनी ते ठेवलं आणि चाळिशी जवळ आली तरी ते सुटलं नाही. ती उभी राहायची अण्णांचं काम बघायला. अण्णा एका कारखान्यात डाय बनवायचे. वितळलेलं प्लास्टिक ज्या साच्यात दाबून भरतात तो साचा म्हणजे डाय. सुट्टीच्या दिवशी ते घरी खिडकीपाशी टेबल ओढून घेत, डोळ्याला भिंग लावत आणि धातूच्या ठोकळ्यात नखाएवढे खळगे कोरत बसत. ठकीला आत यायची बंदी होती. "लांब हो, कीस डोळ्यात जाईल," एवढंच ते म्हणायचे. त्यांच्या कानशा आणि कोरण्या एका चपट्या लाकडी डब्यात असत. त्या डब्याला हात लावायचा नाही, हे घरात न सांगता सगळ्यांना माहीत होतं.

सोळाव्या वर्षी तिने एकदा धीर करून विचारलं होतं, "अण्णा, मला हेच शिकायचंय. डायचं."

अण्णांनी मान वर केली नाही. "हे बायकांचं काम नाही. हात काळे होतात. दुसरं काहीतरी बघ."

तिने दुसरं बघितलं. चष्म्याच्या दुकानात लागली. भिंगं घासून, कडा काढून फ्रेममध्ये बसवायचं काम. त्यात तिचा हात असा बसला की दुकानाचा मालक अवघड नंबरची भिंगं दुसऱ्या कुणाकडे देत नसे. पण घरी येऊन तिने त्याबद्दल कधी अण्णांना सांगितलं नाही, आणि अण्णांनीही विचारलं नाही.

आई गेली. त्यानंतर दोन वर्षं अण्णा एकटे राहिले, मग एकदाचे लेकीकडे राहायला आले. बरोबर कपड्यांची एक पेटी, तो लाकडी डबा आणि गोणपाटात गुंडाळलेलं ते मशीन. उभा लोखंडी खांब, वर प्लास्टिकचे दाणे टाकायला नरसाळं, खाली विजेवर तापणारी नळी आणि बाजूला हातभर लांब दांडा. दाणे वितळले की नळीच्या तोंडाखाली डाय धरायची, दांडा अंगाचा भार टाकून खाली ओढायचा, दहा आकडे मोजायचे, डाय उघडायची. आत गरम वस्तू तयार. कारखान्यातून निवृत्त होताना अण्णांनी ते जुनं मशीन मागून घेतलं होतं.

गॅलरी काचा लावून बंद केलेली होती, तिथे त्याची सोय झाली. उचलायला नवऱ्याने हात लावला. नवरा औषधांच्या दुकानात काउंटरला होता. पहाटे जायचा, दुपारी तीन वाजता सुटायचा. स्वभावाने गरीब. कुणी काही दाखवलं की मनापासून बघणारा. त्याने सहज विचारलं, "अण्णा, हे चालतं कसं?"

त्या एका प्रश्नाने सगळं सुरू झालं.

पहिल्या आठवड्यात अण्णा त्याला 'जावईबापू' म्हणत होते. "जावईबापू, जरा लांबून. नळी तापलीय." दुसऱ्या आठवड्यात 'अहो' वर आले. महिनाभराने ठकी चहाचे कप घेऊन गॅलरीकडे निघाली होती तेव्हा तिला आतून ऐकू आलं, "असा नाही लेका, मनगटातून. हां. आता कसं."

लेका.

ती कप घेऊन तशीच उभी राहिली. चहावर साय धरली तेव्हा तिच्या लक्षात आलं की आपण पुन्हा दाराच्या चौकटीला टेकून उभे आहोत.

त्यानंतर तिला प्रत्येक गोष्ट खुपायला लागली. दोघं जेवताना डायबद्दलच बोलायचे. अण्णा पाण्याच्या भांड्यावर बोटाने आकृती काढून दाखवायचे आणि नवरा घास हातात धरून ऐकायचा. अण्णा हसायचे. ठकीने आयुष्यात अण्णांना एवढं हसताना बघितलं नव्हतं. आईच्या फोटोपुढेसुद्धा ते कधी असे मऊ होऊन उभे राहिले नव्हते. आणि तिच्या वाट्याला काय, तर "ठकी, चहा टाक", "ठकी, हा केर काढ गं, पायाला दाणे टोचतात".

नवऱ्याला याचा पत्ता नव्हता. एका संध्याकाळी तो कपडे वाळत घालायला तिला मदत करत होता. म्हणाला, "अण्णा काय सुंदर शिकवतात. चुकलं तरी आवाज चढत नाही. लहानपणी तुझी चंगळ असेल नाही?"

ठकीने ओली चादर इतक्या जोरात झटकली की त्याच्या चष्म्यावर पाणी उडालं.

"काय झालं?"

"काही नाही. चिमटे द्या."

हे एवढ्यावर राहिलं असतं तर कदाचित ती गिळून बसली असती. पण एका दुपारी नवरा स्वयंपाकघरात आला, त्याच्या हातात तो चपटा लाकडी डबा होता. लहान मुलाने बक्षीस दाखवावं तसा तो डबा त्याने ओट्यावर ठेवला. "बघ. अण्णा म्हणाले, तुझ्याकडेच ठेव आता. माझे हात कापतात."

झाकण उघडं होतं. आत निळ्या फडक्यावर कानशा ओळीने लावलेल्या. सगळ्यांत बारीक कोरणीची मूठ अण्णांच्या अंगठ्याने झिजून खोलगट झाली होती. अडतीस वर्षांत ठकीने तो डबा इतक्या जवळून पहिल्यांदा पाहिला.

"छान आहे," ती म्हणाली. "तिकडे ठेवा. इथे पाणी उडतं."

*

त्याच सुमारास पडदेवाला आला. हा माणूस लोकांच्या घरी, दवाखान्यांत पडदे बसवून द्यायचा. त्याने खिशातून एक तुटकं पांढरं चाक काढून अण्णांपुढे ठेवलं. हरभऱ्याएवढं, मधे भोक. जुन्या पद्धतीच्या पडद्याच्या रुळात ही चाकं पळतात. बनवणाऱ्या कंपनीने ती बंद केली होती आणि त्याच्या गिऱ्हाइकांचे पडदे जागोजागी अडकून बसले होते.

"मला दोन हजार लागतील," तो म्हणाला. "एका मोठ्या दवाखान्याचं काम घेतलंय. पुढचा महिना सोडून त्याच्या पुढच्या महिन्याच्या पहिल्या सोमवारी सुरू करायचंय. होईल?"

अण्णांनी चाक उजेडात धरलं. मग नवऱ्याकडे बघून म्हणाले, "काय लेका, होईल का?"

नवऱ्याने मान डोलावली. ठकीला कुणी विचारलं नाही. ती समोरच भाजी निवडत बसली होती.

डाय करायला तीन आठवडे गेले. अ‍ॅल्युमिनियमचे दोन ठोकळे, एकावर एक बसणारे, आणि त्यात चार घरं, म्हणजे एका दांड्याला चार चाकं. घर म्हणजे चाकाच्या आकाराचा खळगा. कोरायचं अवघड काम अण्णांनी मनगट टेबलाला टेकवून केलं, पण आतून चकचकीत करायचं, पॉलिशचं काम त्यांनी नवऱ्यावर सोपवलं. पहिलं घर नवऱ्याने एकट्याने घासलं. चार दिवस. दुकानातून आला की हात धुऊन थेट स्टुलावर. ते घर झालं तेव्हा अण्णांनी डाय खिडकीपाशी नेली, डोळा बारीक केला आणि म्हणाले, "यात माझं तोंड दिसतंय."

एवढी तारीफ. ठकी आत पलंगावर बसून चादरींच्या घड्या घालत होती. तिला वाटलं, माझ्या हातून निघालेल्या भिंगातून अख्खं गाव बघतंय आणि या माणसाला चाराण्याच्या चाकाचं कौतुक.

पहिली चाकं काढली तेव्हा तीन घरं नीट भरली, चौथं नाही. चौथ्यातलं चाक एका बाजूने अपुरं निघायचं, उंदराने कुरतडल्यासारखं. त्यांनी उष्णता वाढवली, दांडा जास्त वेळ दाबून धरला, दाणे बदलून पाहिले. दोन दिवस गॅलरीत जळक्या प्लास्टिकचा वास आणि दोघांची कुजबुज. चौथं चाक अर्धवटच.

ठकीने केर काढताना त्यातलं एक चाक उचललं आणि दुकानात नेलं. जेवणाच्या सुट्टीत भिंगाखाली ठेवलं. अपुरी कड तुटकी नव्हती. ती गोल होती, गुळगुळीत, कुणी आतून बोट दाबून धरल्यासारखी. भिंगाला चिकटपट्टी लावताना खाली बुडबुडा राहिला की त्याची कड अशीच दिसते. म्हणजे चौथ्या घरात हवा अडकत होती. तिला बाहेर पडायला वाट नव्हती. ठोकळ्याच्या कडेला केसाहून उथळ एक चर काढला की झालं.

तिला हे कळलं आणि ती बोलली नाही. संध्याकाळी दोघं डोक्याला हात लावून बसले होते, तेव्हा ती त्यांच्यासमोर चहा ठेवून परत गेली. बसा म्हणाली मनात. बघा आपलं तोंड त्यात.

*

दुसऱ्या दिवशी तिची साप्ताहिक सुट्टी होती. नवरा दुकानात गेलेला. अण्णा डोळे दाखवायला डॉक्टरकडे गेले. घरात ती एकटी होती आणि गॅलरीचं दार उघडं होतं.

ती आत गेली आणि स्टुलावर बसली. डायचे दोन्ही ठोकळे वेगळे केले. डबा उघडला. झिजलेल्या मुठीची कोरणी हातात घेतली. मूठ तिच्या अंगठ्याला बरोबर बसली, याचा तिला आनंद व्हायला हवा होता. त्याऐवजी तिला रडू आलं. चौथ्या घराची वाट काढून ठेवावी, संध्याकाळी दोघांना चकित करावं, असा एक विचार तिच्या मनात येऊन गेला, हे खरं. पण नजर पहिल्या घराकडे गेली. नवऱ्याने चार दिवस घासलेलं, आरशासारखं. त्यात तिचं तोंड दिसत होतं.

तिने कोरणीचं टोक त्या घराच्या भिंतीवर टेकवलं आणि एक रेघ ओढली. वरून खाली. आवाजही फारसा झाला नाही.

मग तिने सगळं जागच्या जागी ठेवलं, फडकं तसंच घातलं आणि भांडी घासायला गेली.

संध्याकाळी मशीन तापलं. पहिल्या दाबालाच पहिल्या घरातलं चाक आत चिकटून बसलं. ओरखड्यात शिरलेलं प्लास्टिक सुटेना. नवऱ्याने पितळी सुई घालून ते उपटलं तर चाकाच्या अंगावर उभी धार, बोटाला बोचणारी. त्याने भिंग लावून घर बघितलं आणि त्याचा चेहरा पडला.

"माझ्याकडून झालं," तो म्हणाला. "काल चाक काढताना सुई लागली असणार. कळलंसुद्धा नाही मला."

ठकी दारात उभी होती. आता बोलतील, तिला वाटलं. आता अण्णांचा खरा आवाज निघेल.

अण्णांनी डाय हातात घेतली, ओरखड्यावरून नख फिरवलं, बराच वेळ फिरवलं. मग नवऱ्याच्या पाठीवर हात ठेवला. "होतं लेका. उमेदवारीत मी एकदा पाच महिन्यांचं काम एका फटक्यात घालवलं होतं. चल, उठ, आज बंद करू."

ओरखडा काढून ठकीला वाटलं होतं की पोटातली आग जरा निवेल. झालं उलटंच. त्याचं काम बिघडलं तेव्हाही माया त्यालाच मिळाली. ती स्वयंपाकघरात जाऊन गॅसची शेगडी पुसत बसली, आधीच पुसलेली.

नवऱ्याने मात्र त्या दिवसापासून गॅलरीत पाय ठेवला नाही. दुकानातून यायचा, वर्तमानपत्र घ्यायचा, तेच पान धरून बसायचा. अण्णांनी दोनदा हाक मारली. तो म्हणाला, "नको अण्णा. माझा हात नाही त्यात. उगाच तुमची मेहनत घालवली." लाकडी डबा त्याने परत अण्णांच्या पेटीवर नेऊन ठेवला. अण्णांनी एकट्याने ओरखडा घासून काढायचा प्रयत्न केला. पण डॉक्टरने मोतीबिंदू सांगितला होता. त्यांना ती रेघ बोटाला लागत होती, डोळ्याला दिसत नव्हती. हाताचा कंप तर होताच.

पहिला सोमवार तेरा दिवसांवर आला.

*

जेवणं चालली होती. अण्णा म्हणाले, "पडदेवाल्याला उद्या नाही म्हणून सांगतो. माणूस ताटकळायला नको."

नवरा ताटात बघत म्हणाला, "माझ्यामुळे."

"तुमच्यामुळे नाही," ठकी म्हणाली.

दोघांनी तिच्याकडे बघितलं. तिने पाण्याचा घोट घेतला, भांडं खाली ठेवलं. "ओरखडा मी काढला. तुम्ही दोघं नव्हतात तेव्हा. कोरणीने. चुकून नाही, मुद्दाम."

अण्णांनी घास परत ताटात ठेवला, उठले, हात धुतले आणि आपल्या खोलीत जाऊन दार लोटून घेतलं.

नवरा तसाच बसून राहिला. शेवटी म्हणाला, "का पण? मी काय केलं तुझं?"

"तुम्ही काही केलं नाहीत."

"मग?"

"तुम्हाला लेका म्हणतात," ती म्हणाली. हे वाक्य मनात असताना तिला फार मोठं वाटत होतं. तोंडातून बाहेर पडल्यावर ते इतकं पोरकट वाटलं की तिचे कान तापले. "मी सोळा वर्षांची असताना मागितलं होतं हे सगळं. मला दारातून हाकललं. तुम्ही नुसतं चालतं कसं विचारलंत आणि तुम्हाला डबा मिळाला."

"तू मला कधी सांगितलं नाहीस."

"तुम्ही विचारलं नाहीत."

"मला माहीत असतं तर मी स्टुलावर बसलोच नसतो," तो म्हणाला, आणि हे त्याने अशा खरेपणाने म्हटलं की ठकीला त्याचा आणखी राग आला. निदान थोडं भांडायला तरी हवं होतं त्याने. तो भांडला नाही, पण दोन दिवस तिच्याशी कामापुरतंच बोलला. चार दिवसांची मेहनत होती त्याची, आणि सोळा दिवस तो स्वतःला दोष देत होता.

कबुलीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ठकी दुकानात जायला चपला घालत होती तेव्हा अण्णा बाहेर आले. रात्री झोप झालेली दिसत नव्हती.

"नवरा सांगत होता तुझा," ते म्हणाले. "मी तुला हाकललं म्हणे."

"बायकांचं काम नाही म्हणालात. हात काळे होतात म्हणालात."

अण्णांनी कपाळाला आठ्या घातल्या. ते खरोखर आठवत होते. खिडकी, टेबल, कोणती डाय चालू होती, सगळं शोधत होते. मग त्यांनी मान हलवली. "मला आठवत नाही, ठकी."

बावीस वर्षं तिने ते वाक्य जपलं होतं. शब्द, स्वर, त्यांच्या हातातली कानस, खिडकीतलं ऊन. आणि ज्याने म्हटलं त्याच्याकडे त्याचा मागमूस नव्हता. खोटं बोलत असते तर बरं झालं असतं. भांडता आलं असतं.

"म्हणालो असेन," अण्णा म्हणाले. "तेव्हा मी तसाच होतो. घरी आलो की मला कुणाचा आवाजसुद्धा नको वाटायचा." त्यांनी तिच्याकडे बघितलं. "पण ओरखडा तू काढलास ते वाईट केलंस. डाय ही राग काढायची वस्तू असते का? त्या बिचाऱ्याचा काय दोष?"

"माहीत आहे."

"मग दुरुस्त कर."

"मी?"

"नाहीतर कोण? मला दिसत नाही. तो बसत नाही. संध्याकाळी ये लवकर."

*

संध्याकाळी ती दुकानातून भिंगं चमकवायची पांढरी पेस्ट आणि नमद्याचे, म्हणजे दाबलेल्या लोकरीचे, बारीक तुकडे घेऊन आली. अण्णांनी ते नाकाशी नेऊन हुंगलं. "हे काय थेर? आम्ही असलं वापरत नाही."

"आम्ही वापरतो," ती म्हणाली.

त्यांनी तिला शिकवलं, पण लेका वगैरे काही नाही. जावयाला शिकवणारे अण्णा आणि लेकीला शिकवणारे अण्णा, दोन वेगळी माणसं. "किती दाबतेस? भिंत खाशील सगळी." "कोन बदलला. बदलला कोन. आंधळ्याला कळतं, तुला कळत नाही?" "घर मोठं झालं तर चाक रुळात अडकेल, मग पडदेवाला आपल्याला अडकवेल. रेघ गेली की थांबायचं." तिसऱ्या दिवशी ठकीने डाय खाली ठेवली.

"त्यांच्याशी असं बोलत होतात का?"

"नाही."

"मग मलाच का?"

अण्णा म्हणाले, "तो जावई. त्याला कसं बोलणार?" आणि तिच्या हातातला नमदा काढून घेऊन स्वतःच्या शर्टाला पुसून परत दिला. "चल. डावीकडून."

या उत्तराने तिचं समाधान झालं नाही. अर्धं झालं. ती पुन्हा वाकली.

पाचव्या दिवशी रेघ गेली. अण्णांनी नख फिरवलं, मग करंगळीचं टोक, मग नवऱ्याला हाक मारली, "जरा बघ रे बाबा तू." नवरा अवघडून आला. भिंग लावून त्याने घर बघितलं. बराच वेळ बघितलं. "माझ्यापेक्षा चांगलं झालंय," तो म्हणाला. त्याला ते म्हणायला जड गेलं, हे ठकीने ओळखलं. तो आवाज तिच्या ओळखीचा होता.

मग तिने चौथ्या घराचं सांगितलं. हवा अडकते, वाट काढायला हवी. अण्णांनी अर्धवट चाक बोटांत फिरवलं, ती गोल कड चाचपली आणि स्वतःच्या कपाळावर हळूच हात मारून घेतला. "इतकी साधी गोष्ट. कारखान्यात पोरांना शिकवायचो मी ही." मग तिच्याकडे वळून, "तुला कधी कळलं?"

"ओरखड्याच्या आदल्या दिवशी."

"आणि बोलली नाहीस."

"नाही."

अण्णा तिच्याकडे बघत राहिले. रागावले असते तर चाललं असतं, पण ते रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "तू माझ्यावर गेलीस. आई अशी नव्हती तुझी."

चर काढला. चारही चाकं भरून आली. त्या दिवसापासून मशीन थांबलं नाही. दुकानातून आली की ठकी थेट स्टुलावर. दाणे, दांडा, दहा आकडे, डाय उघड, चाकांना जोडून आलेले प्लास्टिकचे देठ कापून चाकं परातीत. तिला ते सगळंच आवडायचं, अगदी दांडा ओढून खांदा भरून यायचा तेसुद्धा. घरात चहा कोण टाकतंय, केर कोण काढतंय, याकडे तिचं लक्ष राहिलं नाही.

लक्ष गेलं ते एका संध्याकाळी. नवरा चहाचे दोन कप घेऊन गॅलरीच्या दारात उभा होता. किती वेळ उभा होता कोण जाणे. अण्णा तिला काहीतरी सांगत होते आणि ती हसत होती.

"ठेवा ना इकडे," ती म्हणाली.

त्याने कप ठेवले, पण गेला नाही. "मी तीनला येतो," तो म्हणाला. "तू यायच्या आधी मला दीड तास मिळायचा. आता परत बसायचं म्हटलं तर अण्णा म्हणतात, ठकीला येऊ दे, तिचा हात चांगला आहे." तो ओशाळं हसला. "मला हे बोलायला बरं वाटत नाहीये. पण वाईट वाटतंय खरं."

ठकीने त्याच्याकडे नीट बघितलं. मान जरा खाली, खांदा चौकटीला टेकलेला. याला काय होतंय ते तिला दुसऱ्या कुणाहूनही जास्त माहीत होतं. कुठे दुखतं, कधी दुखतं, काय ऐकलं की जास्त दुखतं. आणि तरी पहिल्यांदा मनात आलं ते हेच की स्टूल सोडायचं नाही. हे तिने स्वतःशी कबूल केलं. मग ती उठली.

"तीन ते साडेचार तुमचं," ती म्हणाली. "अण्णा काहीही म्हणोत. पुढे माझं. आणि माझ्या वेळेत चहा तुम्ही करायचा, तुमच्या वेळेत मी."

"आणि सुट्टीच्या दिवशी?"

"सुट्टीचं बघू," ठकी म्हणाली, कारण सुट्टीचा दिवस तिला अख्खा हवा होता.

ठरल्या सोमवारच्या आदल्या दिवशी पडदेवाला आला. दोन हजार चाकं दोन पिशव्यांत भरून ठेवली होती. त्याने मूठभर काढली, खिशातून रुळाचा एक तुकडा काढला आणि चाकं त्यात सोडून पाहिली. ती सरसर पळाली. एकही अडकलं नाही.

"जुन्या कंपनीच्या तोडीची आहेत," तो म्हणाला. "वर्षभर लागतील मला. ही सफाई कुणाच्या हातची?"

ठकी आणि नवरा दोघंही तिथेच उभे होते. दोघांनीही अण्णांकडे बघितलं. अण्णांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"दोघांनी मिळून केलंय," ते म्हणाले.

ठकीचा चेहरा उतरला. तिने चोरून शेजारी बघितलं, तर नवऱ्याचाही उतरला होता. ते बघून तिला जरा बरं वाटलं, आणि आपल्याला बरं वाटलं याची लाजही वाटली. पडदेवाला पिशव्या उचलून गेला. घड्याळात साडेतीन वाजले होते. नवरा गॅलरीत जाऊन मशीन लावायला लागला आणि ठकी चहा टाकायला आत गेली. सुट्टी म्हणून सकाळपासून तिने केलेली जादा चाकं परातीतच होती. आतून अण्णांचा आवाज आला, "हळू लेका, हळू," आणि तिने कान द्यायचा नाही असं ठरवून कान दिला.